जांभळ्या हृदयाचे गाव

न्यूयॉर्क शहराहून हडसन नदीच्या काठाने सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेस गेलात की न्यूबर्ग लागते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचा १७८२-८३ साली येथील एका दगडी घरात मुक्काम होता. त्या घरातील एका दालनाला दारे सात आणि खिडकी मात्र एकच!

येथूनच ७ ऑगस्ट १७८२ रोजी त्यांनी हुकूम काढला, की असामान्य कामगिरी करणाऱ्या साध्या शिपायाने छातीवर जांभळ्या कापडाचे हृदय मिरवावे. पुढे दीडशे वर्षे ते चिन्ह विस्मृतीत गेले. १९३२ साली, वॉशिंग्टन यांच्या द्विजन्मशताब्दीस, त्याचे ‘पर्पल हार्ट’ पदक झाले व जखमींनाही मिळू लागले. १९४२ पासून धारातीर्थी पडलेल्यांनाही.

पदकाच्या पाठीवर ‘लष्करी गुणवत्तेसाठी’ अशा अर्थाचे शब्द आजही आहेत. वस्तुतः त्यासाठी शौर्याची शिफारस लागत नाही. शत्रूकडून जखम होऊन उपचार घ्यावे लागले, एवढे पुरे. मग जखम हा गुण कसा, असे आपण विचाराल. पराक्रमाला पाहणारा साक्षीदार लागतो, आणि तो पुष्कळदा जिवंत उरत नाही. मला तरी हा नियमच अधिक न्याय्य वाटतो.

जवळच न्यू विंडसर येथे २००६ साली उघडलेले स्मृतिदालन आहे. तेथे अवश्य थांबा. पदकधारकांची संपूर्ण यादी सरकारपाशी नाही. म्हणून माजी सैनिक किंवा त्यांच्या घरची माणसे जपून ठेवलेले कागद शोधून पाठवतात, आणि नोंदीत एकेक नाव चढत जाते.