गुजरी

कोल्हापुरात 'गुजरी' म्हणजे सराफांची पेठ. लग्नसराईत तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. इकडे आमच्या बाजूला कन्नडात 'गुजरी अंगडी' म्हणजे भंगारवाल्याचे दुकान. एकाच शब्दाने एकीकडे सोने तोलायचे आणि दुसरीकडे गंजके लोखंड. सीमाभागातल्या माणसांना असे दुहेरी शब्द लहानपणापासूनच अंगवळणी पडलेले असतात. तूप आणि तुप्प, अण्णा आणि अक्का यांचे मूळ गाव कोणते, हे आम्ही पंगतीत बसून विचारीत नाही. परंतु या दोन गुजरींमधले अंतर प्रत्यक्ष चालून पाहण्याचा योग मला पन्नाशीत आला, आणि तो एका मोटारीमुळे आला.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, खानापुरात टॅक्सी चालवीत. त्यांची गाडी १९५८ सालची फियाट. १९६८ साली त्यांनी ती बेळगावात जुनी म्हणून विकत घेतली. इटलीत १९५३ मध्ये निघालेले हे अकराशेचे मॉडेल, पुढे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आपल्याकडे आले. त्या गोलसर नाकाडामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले, आणि तेच नाव घाट चढून आमच्या गावापर्यंत आले. दादांना ते मुळीच आवडत नसे. टॅक्सी स्टँडवर कुणी 'डुक्कर' म्हटले की ते म्हणत, "वराह म्हणा. विष्णूचा अवतार आहे तो."

या गाडीची पुढची दारे आजच्या गाड्यांच्या उलट उघडत. बिजागऱ्या मधल्या खांबाला, आणि मूठ पुढच्या चाकाच्या बाजूला. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. अशा या गाडीतून दादांनी कणकुंबीच्या माउलीला भाविक नेले, कौलांच्या कारखान्यातले हिशेबनीस नेले, आणि जांबोटीच्या रानातून अडलेल्या बायकांना रातोरात बेळगावच्या दवाखान्यात पोचवले. माझी धारवाडची एम. ए.ची फी याच गाडीच्या भाड्यातून गेली. दादा २००१ मध्ये गेले. त्यानंतर गाडी घरामागच्या पडवीत उभी राहिली, ती राहिलीच. विकायला मन धजेना आणि चालवायला सवड होईना. आपल्याकडे वडिलार्जित वस्तूंचे बहुधा असेच होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळा बेळगाव जिल्हा पुराने हैराण झाला होता, तेव्हा एका रात्री पडवीचे आढे मोडले आणि अर्धी कौले गाडीवर आली. सकाळी कौले बाजूला करताना दारावर हात टेकला, तर दाराच्या खालचा पत्रा पापडासारखा तुटून हातात आला. बावीस वर्षे मुलांच्या निबंधांतल्या 'पश्चात्ताप' या शब्दाच्या चुका सुधारणाऱ्या मला त्या शब्दाचा अर्थ त्या सकाळी नीट कळला.

उद्यमबागेतले एक ओळखीचे मिस्त्री येऊन पाहून गेले. मिस्त्री कन्नड भाषक. माझ्याशी मराठी बोलतात, गाडीशी मात्र कन्नड. गाडीखाली उताणे सरकून त्यांनी हातोडीने इथे तिथे ठोकून पाहिले. जिथे 'ठण्' वाजायला हवे तिथे 'भद्' वाजत होते. बाहेर येऊन म्हणाले, "तुक्कु हिडिदैति, सर. गंज धरलाय. इंजिनाची काळजी नाही. पत्रा संपलाय."

मला वाटले, पत्रा संपला तर नवा मारू. त्यात काय मोठेसे? तेव्हा त्यांनी मला जे समजावले ते इथे सांगतो. जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर वरची पेटी बसवलेली असते. या फियाटला तसा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ उंबरे, मधले खांब आणि छप्पर, हे सगळे एकमेकांना जोडून गाडीचा कणा होतो. पावसाळी मुलखात चाकांनी उडवलेली लाल माती त्या पोकळ उंबऱ्यांत जाऊन बसते, पाणी निघून जायच्या भोकांत तीच माती अडकते, आणि पत्रा आतून ओला राहून सडतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत काही उरलेले नसते. इंजिनाचे बरेचसे सामान नंतरच्या पद्मिनीचे चालते आणि ते शोधले तर मिळते. पण या जुन्या अंगाचा तळ, उंबरे आणि उलटी दारे कुठल्या दुकानात मिळणार? "अशीच दुसरी गाडी पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "कोरड्या गावातली. चालणारी नको. मेलेली पाहिजे."

ती निपाणीत सापडली. एका जुन्या घराण्याच्या तंबाखूच्या वखारीत, गोणपाटाच्या ढिगामागे. निपाणीचा मुलूख आमच्यापेक्षा पुष्कळ कोरडा. त्या गाडीचे इंजिन केव्हाच कुणी काढून नेले होते, छताला खड्डे पडले होते, काचा फुटल्या होत्या. पण तळ शाबूत होता. ती १९५५ सालची, म्हणजे राज्य पुनर्रचनेच्या आधीची. निपाणी तेव्हा मुंबई राज्यात होती, म्हणून तिच्या पाटीवर मुंबई राज्याचा 'बी'. आमची १९५८ ची, म्हणून तिच्यावर मैसूर राज्याचा 'एम वाय'. एकच जिल्हा, एकच कारखाना, आणि मध्ये १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख.

मुलांना वखार रिकामी करायची होती. नोंदणी त्यांनी पूर्वीच रीतसर रद्द करून घेतली होती. भंगारवाला वजनावर जे देत होता त्याहून मी थोडे अधिक दिले. व्यवहार मिटला. निघताना मुलगा म्हणाला, "आईला जरा भेटून जा."

त्यांना सगळे आक्का म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. माहेर चिकोडीकडचे, कन्नड, सासर मराठी. १९५८ मध्ये लग्न होऊन त्या याच गाडीतून या घरी आल्या होत्या. पुढे यजमानांशेजारी बसून कितीदा तरी माहेरी गेल्या. मला म्हणाल्या, "त्या दाराचं एक बरं होतं, मास्तर. नऊवारी नेसून सरळ खाली उतरता यायचं." मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "चालवणार ना तुम्ही हिला?"

मी म्हणालो, "चालेल, आक्का. नक्की चालेल."

खोटे बोललो नाही. 'कोणती' एवढेच सांगितले नाही. व्याकरणात अध्याहृत कर्ता म्हणून शिकवतो, तशातलाच हा प्रकार. आक्कांनी वखारीत येऊन बॉनेटवर हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि गाडी ट्रकवर चढवायच्या आधीच त्या घरात निघून गेल्या.

दोन महिन्यांत टाळेबंदी आली. दोन्ही गाड्या मिस्त्रींच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. काम सुरू झाले ते २०२० च्या दिवाळीनंतर. दर रविवारी मी जाऊन बसू लागलो. जुने नट पान्ह्याने सुटत नसत. आदल्या दिवशी त्यांवर रॉकेल आणि तेल सोडून ठेवायचे, तरीही हलले नाहीत तर गॅसवर तापवायचे, आणि तेवढ्याने नाही भागले तर छिन्नी. निघालेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायचे काम माझ्याकडे आले. हाताखालची पोरे कन्नड शाळेतली, म्हणून चिठ्ठ्या दोन्ही भाषांत. कन्नडात डाव्याला 'एड' म्हणतात आणि उजव्याला 'बल'. मी एकदा मोठ्याने 'दार, एड' असे वाचले, तर आमच्याकडून सोबत आलेला भाचा हसून लोळायचा राहिला. त्याला वाटले मी दाराला येडे म्हणालो.

एके रविवारी निपाणीची गाडी कापायची ठरली. त्याआधी मिस्त्रींनी दोन्ही गाड्यांच्या दारांच्या चौकटींत आडवे तिडवे लोखंडी अँगल जोडून घेतले. उंबरा कापला की गाडी मधोमध वाकते, आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. मग ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्यांचा तो फवारा पाहताना मी दोनदा बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. बॉनेटवर हळदकुंकवाचे डाग अजून होते.

तिच्याकडून आम्ही घेतले ते असे: तळाचा पुढचा अर्धा भाग, दोन्ही उंबरे, पुढची दोन्ही दारे, काचा वरखाली करायची यंत्रे, दोन मडगार्ड आणि डिकीचे झाकण. बाकीचे हातगाडीवरून गुजरीत गेले. तोलून पैसेही आले. मिस्त्रींनी ते माझ्या हातावर ठेवले, तेव्हा मला मूठ मिटवेना. त्या पैशांची पोरांना मिठाई आणली.

पुढचे डावे दार रंगासाठी घासत असताना मिस्त्रींनी हाक मारली. आतल्या बाजूला, काचेच्या खालच्या कडेला, पत्र्यावर बारीक बारीक समांतर ओरखडे होते. शेकडो. हात टेकून बसणाऱ्या कुणाच्या तरी बांगड्यांचे. "लांबी भरून टाकू, सर? रंग गुळगुळीत बसेल."

"राहू दे," मी म्हणालो. "तेवढा पट्टा तसाच राहू दे."

गाडी २०२२ च्या शेवटी रस्त्यावर आली. मूळ क्रमांक आमच्या गाडीचाच राहिला. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना जुना क्रमांक ठेवता येईल असा केंद्र सरकारचा नियम २०२१ मध्ये निघाला आहे, पण गाडी मूळ रूपात हवी अशी त्यात अटही आहे. मूळ रूप म्हणजे काय, हे मी मनाशी पुष्कळ घोळवले. जिचा तळ दुसरीचा, दारे दुसरीची, ती मूळ कुणाची? कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दिमाखात बाहेर निघते, ती पाहायला आम्ही लहानपणी जात असू. राजाची गाडी जपायला एक संस्थान असते. टॅक्सीवाल्याची गाडी जपायची तर कुणाची तरी दुसरी गाडी मोडावी लागते. मी मोडली, त्याबद्दल वाईट वाटण्यासारखे काही नाही, असे मिस्त्री म्हणतात. मोडली याचे नाही, सांगितले नाही याचे मला वाईट वाटत होते.

म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत, कडक ऊन पडण्याआधी, एका पहाटे मी निघालो. शेजारी मिस्त्री. डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली निपाणीच्या गाडीची जुनी पाटी. शंभर किलोमीटरचा पल्ला. वंटमुरीचा चढ चढल्यावर थांबून रेडिएटर थंड केला, संकेश्वरला चहा घेतला, तवंदीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, आणि नऊच्या सुमाराला आक्कांच्या दारात हॉर्न वाजवला.

आक्का काठी टेकत बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. काही बोलल्या नाहीत. मी पुढचे दार उघडले. त्या नेहमीच्या सवयीने वळून आत बसल्या, आणि त्यांचा हात आपसूक काचेखालच्या कडेवर गेला. बोटे त्या ओरखड्यांवरून मागे पुढे फिरली. मग पुढच्या फळीकडे, मागच्या बैठकीकडे, छताकडे पाहून म्हणाल्या, "दार माझं आहे, मास्तर. गाडी माझी नव्हे."

मी दारापाशी उभा होतो. वर्गासमोर इतकी वर्षे न अडखळता बोलत आलो, पण तेव्हा शब्द जुळवावे लागले. जे झाले ते सगळे सांगितले. काय घेतले, काय गुजरीत गेले, तेही. पाटी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

बराच वेळ त्या पाटीकडे पाहत राहिल्या. मग मिस्त्रींना त्यांनी कन्नडात काही विचारले. तळ कुठला, उंबरे कुठले, असे असावे. मिस्त्री वाकून एकेक जागा बोटाने दाखवीत गेले. शेवटी माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "त्या दिवशी हे सांगितलं असतंत, तर मी दिली नसती."

"ठाऊक होतं, आक्का. म्हणूनच सांगितलं नाही."

यावर त्या काही म्हणाल्या नाहीत. रागावल्या असे नाही, आणि सोडून दिले असेही नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एवढ्या लांब आणलीच आहे, तर तवंदीपर्यंत फिरवून आणा."

आम्ही गेलो आणि आलो. जाताना येताना त्या काही बोलल्या नाहीत. डावा हात काचेच्या कडेवर होता. परत आल्यावर मी धावत जाऊन दार उघडले. साडी सावरत त्या सरळ खाली उतरल्या, आणि दार लावायला मला पुढे होऊ दिले नाही. ते दार नुसते ढकलून लागत नाही. किंचित वर उचलून ओढावे लागते. तीन महिन्यांत मिस्त्रींना आणि मला ती खुबी साधली नव्हती. आक्कांनी डाव्या हाताने उचलून ओढले, आणि एका झटक्यात दार बसले.

पाटी मी त्यांच्यापुढे धरली. त्या म्हणाल्या, "मला काय करायची? गाडीतच असू दे."

तेव्हापासून ती डिकीत आहे. बाहेरच्या पाटीवर मैसूर, आत मुंबई. मुंबई राज्य १९६० मध्ये संपले, मैसूर या नावाचे राज्य १९७३ मध्ये. दिवाळीच्या पाडव्याला गाडी धुऊन तिची पूजा करतो, तेव्हा डिकीतली पाटीही बाहेर काढून पुसतो आणि दोन्ही पाट्यांना हळदकुंकू लावतो. दार मात्र अजूनही मला दोन खेपा आपटावे लागते.