मानवत येथील वीणेचा पहारा

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास तयार झाला. त्या मार्गाने जालना, परतूर, सेलू ही स्थानके मागे टाकली की परभणीच्या अलीकडे 'मानवत रोड' हे स्थानक येते. नावातील 'रोड' हा शब्दच प्रवाशास सुचवून ठेवतो की, गाव अद्याप दूर आहे. स्थानकाबाहेर पडताच दोहो बाजूंस काळीभोर जमीन पसरलेली दिसते. या जमिनीतील कापसाने मानवतास बाजारपेठ दिली व सरकीपासून रुई वेगळी करणारे कारखाने दिले. १९७२ ते १९७४ या काळातील हत्याकांडाने मात्र या गावाच्या नावास असा डाग लावला की, परगावी मानवतचे नाव काढले असता आजही कित्येकांस तेवढेच आठवते. एका दुष्ट प्रकरणावरून सबंध गावाची पारख करणे न्यायाचे नव्हे. आमच्या स्मरणात हे गाव राहिले आहे ते निराळ्याच कारणाने, आणि ते वाचकांपुढे ठेवण्यासाठीच हा लेख आहे.

माघ महिन्यात एका स्नेह्यांच्या घरी आमचा आठ दिवस मुक्काम होता. त्याच वेळी जवळच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व त्यानंतर जागर असा हा क्रम मराठवाड्यातील गावोगावी आढळतो. यात 'अखंड' या शब्दाचा अर्थ अक्षरशः घ्यावयाचा असतो. पहिल्या दिवशी उचललेली वीणा सातव्या दिवसापर्यंत खाली ठेवावयाची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, परंतु भुईस टेकत नाही. वीणेकऱ्याने तेवढा वेळ उभ्याने नामस्मरण करावयाचे, यास पहारा म्हणतात. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर दिवसाचे बारा व सात दिवसांचे चौऱ्याऐंशी होतात. देवळातील फळ्यावर खडूने आखलेली त्यांची यादी आम्ही शिक्षकाच्या सवयीने प्रथम वाचून काढली.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारांचे ते तत, चामड्याने मढविलेले ते अवनद्ध, फुंकीचे ते सुषिर आणि आघाताने वाजणारे धातूचे ते घन. वीणा, मृदंग, पेटी व टाळ या रूपाने हे चारही वर्ग त्या देवळात हजर होते. ज्यांनी ते हाती घेतले होते, त्यांतील बहुतेकांनी भरतमुनींचे नावही ऐकलेले नसावे. अवनद्ध वाद्यांच्या उत्पत्तीविषयी त्याच ग्रंथात एक सुंदर कथा आहे. स्वाती नावाचे मुनी पाणी आणावयास सरोवरावर गेले असता पाऊस आला. लहान, मोठ्या व मध्यम कमलपत्रांवर थेंबांचे निरनिराळे ध्वनी उमटले, आणि ते ऐकून त्यांना ही वाद्ये सुचली. म्हणजे पहिला वादक हा प्रथम लक्षपूर्वक ऐकणारा होता. मानवत येथे आम्ही जे पाहिले त्याचे सार या कथेतच आहे.

येथे वाद्य शिकावयाचे म्हणून कोणी शाळेत जात नाही. सहा-सात वर्षांचे पोर आजोबांबरोबर देवळात येते व टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकास उभे राहते. टाळ हे वाद्य दिसावयास सोपे असते. परंतु वीस जणांचे टाळ एका क्षणी पडले नाहीत तर चुकणारा कोण हे लगेच कळते. कोणी त्यास रागे भरत नाही. शेजारचा मोठा माणूस फक्त आपला टाळ किंचित पुढे धरतो. एवढेच शिक्षण! वर्षा-दोन वर्षांनी लय अंगी मुरली की तेच पोर मृदंगाजवळ घोटाळू लागते. मृदंगाच्या डाव्या तोंडास भिजविलेली कणीक लावतात, म्हणजे त्याचा नाद खोल व भारदस्त होतो. उजव्या तोंडावर कायमची शाई असते. कणीक मळून देणे व वाजविणे संपल्यावर ती खरवडून काढणे हे काम नव्या शिष्याकडे येते. कणीक किती घट्ट असावी हे हातास समजले की नाद कसा असावा हेही कानास समजू लागते. मृद् म्हणजे माती. वाद्याचे अंग आता लाकडाचे झाले असले तरी नाव मातीचेच राहिले. शिष्याच्या हातास लागणाऱ्या त्या ओल्या पिठात आम्हांस त्या मातीचा अंश उरलेला दिसला.

ज्यांस पुढे शिकावयाचे असते ते आळंदीस जातात. जोग महाराजांनी १९१७ साली तेथे स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने खेड्यापाड्यांतील मुलांस कीर्तनाचा मार्ग मोकळा करून दिला. पेटीचे शिक्षण मात्र बहुधा ऐकूनच होते. हे वाद्य मूळचे युरोपातील; पॅरिस येथील दबँ याने १८४० च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे त्यास भुईवर बसून वाजविण्याजोगे रूप मिळाले आणि ते घरोघर गेले. त्याच्या पट्ट्यांतून श्रुती नीट निघत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० साली त्यास मज्जाव केला, तो १९७१ च्या सुमारास सैल झाला. याच लोहमार्गावरील जालन्याकडचे आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांनी तर साथीच्या पेटीस मैफलीत मोठा मान मिळवून दिला.

आमच्या यजमानांची नात नवव्या इयत्तेत आहे. ती परभणीस जाऊन तबला शिकते. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांपैकी दोन तिने उत्तम गुणांनी दिल्या असून प्रमाणपत्रे दिवाणखान्यात लावलेली आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी स्त्रियांच्या भजनाची वेळ झाली, आणि साथीस येणारा मुलगा आला नाही. तेव्हा या मुलीस बोलाविणे आले. तीनतालाचे कायदे तिला मुखोद्गत होते. येथे वाजवावयाचा होता तो साधा आठ मात्रांचा भजनी ठेका. तथापि दुसऱ्या अभंगासच तिचा हात अडखळू लागला. परीक्षेत लय आपण धरावयाची असते. येथे पंचवीस स्त्रिया एकदम रंगल्या की लय पुढे धावे, आणि पद संपता संपता ती पुन्हा सावरून घ्यावी लागे. मुलगी कावरीबावरी झाली. समोर बसलेल्या एका वृद्ध बाई टाळ न थांबविता म्हणाल्या, "माझ्या टाळाकडं बघ, बाय. हाताकडं बघू नको." तिने मान वर केली. चौथ्या अभंगास ठेका बसला. सायंकाळी तिने आम्हांस विचारले, "गुरुजी, उद्याही मलाच बोलावतील का हो?" प्रमाणपत्र दाखविताना तिच्या मुद्रेवर जे आम्हांस दिसले नव्हते, ते या प्रश्नात होते.

परीक्षा वाईट, असे आमचे म्हणणे नाही. उभे आयुष्य परीक्षा घेण्यात घालविलेल्या माणसास तसे म्हणता येणार नाही. परंतु आपल्या सुशिक्षित घरांतून किती पेट्या खोळीत पडून आहेत, किती तंबोऱ्यांवर धूळ आहे, याचा वाचकांनी विचार करावा. शिकणाऱ्याची बुद्धी कमी पडली, किंवा शिकविणारा मिळाला नाही, असे क्वचितच घडते. त्या वाद्याची कोणास गरज उरली नाही, हेच पुष्कळदा खरे कारण असते. मानवतच्या त्या रांगेत एक टाळ कमी झाला तर रांगेस उणीव भासते. आपण नसलो तर अडेल, ही जाणीव विद्यार्थ्यास जेवढे शिकविते तेवढे पारितोषिक शिकवीत नाही.

ही गरज किती कठीण असते तेही आम्ही पाहिले. रात्री दोन ते चारचा पहारा मोंढ्यातील एका वृद्ध हमालांचा होता. पुष्कळ वर्षे तो त्यांच्याकडे आहे. यंदा गुडघे उभे राहू देईनात. गावातील तरुण पुण्या-मुंबईस कारखान्यांत गेल्यामुळे बदली माणूस मिळणे सोपे राहिलेले नाही. त्यांचा मुलगा पुण्याहून रात्रीच्या गाडीने आला, तीन रात्री वडिलांच्या जागी उभा राहिला व परत कामावर गेला. वडील भिंतीस टेकून जागे बसलेले असत. आम्हांस ते म्हणाले, "पोरगं आलं म्हून यंदा नाव राहिलं, गुरुजी. म्होरल्या वर्साचं इठ्ठलाला ठावं." फळ्यावरील ती यादी किती नाजूक धाग्यावर लोंबकळत असते, हे त्या रात्री आम्हांस उमगले.

तथापि एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. सप्ताहाच्या शेवटल्या दिवशी मिरवणुकीत हलगी होती. हलगीचे चामडे विस्तवावर शेकून ताणावे लागते. मग एक बारीक व एक जाड काडी घेऊन ती वाजवितात. वाजविणाऱ्या गृहस्थांचा हात विलक्षण होता. मुलगा शिकतो काय, असे आम्ही विचारले. ते काही वेळ विस्तवाकडे पाहत राहिले व म्हणाले, "न्हाई. मीच शिकिवलं न्हाई. आमच्यात बोलावणं वाद्याला यायचं, माणसाला न्हाई." डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर अशी जन्माने लादलेली वाजविण्याची कामे अनेक घरांनी टाकून दिली, आणि त्यांनी ते योग्यच केले. कला गेली म्हणून हळहळणाऱ्या आपल्यासारख्यांनी प्रथम विचारावे की, त्या कलावंतास आपण कोठे बसविले होते? गरज ही गुरू खरी. पण मानाविना नुसती गरज म्हणजे वेठच होय.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. घरातील मूल वाद्य शिकत असेल तर पाहुण्यांपुढे त्याचे प्रदर्शन मांडू नये. त्यास घरात एक काम द्यावे. रोजच्या आरतीचा ठेका त्याचा, आजीच्या भजनाची पेटी नातीची, असे ठरवून टाकावे. ते चुकले तर थांबू नये. आपला टाळ किंचित पुढे धरावा. ज्या दिवशी ते घरी नसेल त्या दिवशी आरती थोडी उणी वाटली पाहिजे, आणि परत आल्यावर तसे त्यास सांगितलेही पाहिजे. आणि हलगी असो की सनई, दारी वाजवावयास येणाऱ्यास पंक्तीत आपल्या शेजारी पान मांडावे. एवढे केले तर खोळीतील पेट्या आपोआप बाहेर येतील, अशी आमची खात्री आहे.