शार्कची हजेरी

सातवीच्या वर्गात मी बहामामधल्या बिमिनी बेटाची गोष्ट सांगतो. सॅम्युएल ग्रुबर यांनी तिथे 1990 मध्ये संशोधन केंद्र काढलं. खारफुटीतल्या उथळ पाण्यात लेमन शार्कची पिल्लं वाढतात. दरवर्षी ती जाळ्यात धरायची, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, जनुकतपासणीसाठी पराचा बारीक तुकडा घ्यायचा आणि सोडून द्यायची. पोरं म्हणतात, "सर, ही तर हजेरीच!" हजेरीच, पण चिकाटीची. 1993 ते 1997 दरम्यान जन्मलेल्या किमान 6 माद्या 14 ते 17 वर्षांनी त्याच बेटापाशी विण्यासाठी परतल्या, हे तिच्यामुळेच कळलं. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात हे दिसलंच नसतं.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आजो सांगता, आदी मोरी खूप गावायची." खूप म्हणजे किती? त्याला सांगता येईना, मलाही. मग त्याला एक वही दिली. वडिलांच्या होडीत मोरी आली की तारीख, लांबी, नर की मादी एवढंच लिहायचं. वर्षअखेरीला 11 ओळी झाल्या. त्यातल्या दोन खाडाखोडीच्या, पण असू देत.

आता तो आठवीत गेलाय. पुढे वही कोण लिहिणार, विचारलं.

"माझो भाव पाचवीत आसा, सर."