गाव कंचं, पावणं?

कराडहून विट्याला जाणारी एसटी कडेगावात थांबते. शेजारी येऊन बसलेला म्हातारा पिशवी मांडीवर घेतो, टोपी सारखी करतो आणि विचारतो, ‘गाव कंचं, पावणं?’ नाव त्यानंतर. नोकरी, पोरंबाळं त्याच्याही नंतर. तुम्ही उत्तराला तोंड उघडलंत की त्याचं निम्मं काम झालेलं असतं. गावाचं नाव कानावर पडायच्या आधीच तुम्ही कृष्णेच्या कुठल्या अंगाचे, हे त्यानं ताडलेलं असतं.

‘काय करतोयस?’ एवढा एकच प्रश्न घ्या. कराड-कडेगावाकडं तो ‘काय करतूयास?’ असा येतो. कोल्हापूरकडं ‘काय करालायस?’, सोलापुरात ‘काय करलालाव?’, नागपूरकडं ‘काय करून राहिला?’ विचारणं तेच, काळजीही तीच. पण क्रियापदाच्या शेपटानं माणसाचा मुलूख सांगून टाकला. कडेगाव तर वाटेवरचं गाव. वर आणि मावळतीला सातारा जिल्हा, खाली पलूस-सांगली, उगवतीला माणदेशाकडं जाणारा माळ. म्हणून इथल्या एकाच घरात सासू ‘करतूयास’ म्हणते आणि कोल्हापूरकडून आलेली सून ‘करालायस’. नातवाच्या तोंडी दोन्ही. बोलीची ने-आण बाजार करतो, पलटण करते, पण सगळ्यांत जास्त ती लग्नं करतात. लेकी सासरी जातात तेव्हा माहेरची बोलीही त्यांच्याबरोबर नांदायला जाते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरी ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात गेल्यावर मैत्रिणी त्यांना हसतात आणि महिन्याभरात त्यांचं ‘आले’, ‘जाते’ होतं. मला या हसण्याचा राग येतो. आई, आजी, पणजी ज्या रूपात स्वतःबद्दल बोलत आल्या, ते रूप त्या पोरीनं लाजेपोटी टाकायचं, असं त्यात काय वाईट आहे?

जिल्ह्याच्या हद्दी कागदावर आखतात, बोली त्या मानत नाही. 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. कडेगाव सांगलीत गेलं, त्याचा तालुका तर पुढं खानापुरातून वेगळा झाला. बोलणं मात्र साताऱ्याचंच राहिलं. अजूनही इथं ‘वाईच थांब’ म्हणतात, पोरांना ‘पोरास्नी’ म्हणतात, भाकरीबरोबर ‘कोरड्यास’ वाढतात. वेळेची ‘येळ’ होते, विळ्याचा ‘इळा’, विस्तवाचा ‘इस्तू’. पण पाण्याचं ‘पानी’ होत नाही. तो ‘ण’ इथं जिभेवर पक्का बसलेला आहे. विदर्भ-खानदेशाकडचा माणूस ‘पानी’ म्हणाला की इथल्या म्हाताऱ्याला लगेच कळतं, पावणं लांबचं दिसतंय.

आपण ज्याला अशुद्ध म्हणतो, ते असं काटेकोर असतं. शब्दाच्या आरंभी ‘व’ आला आणि पुढं ‘इ’ किंवा ‘ए’ असला की तो गळतो किंवा त्याचा ‘य’ होतो. वीसचे ‘ईस’ होतात, पण वाटेची ‘आट’ कधीच होत नाही. शाळेत न गेलेल्या बाईकडूनही हा नियम चुकत नाही. नियम आहे तिथं चूक कशी म्हणायची?

आणि या बोलीत केवढे शेजारी नांदतात! अण्णा, अक्का, अप्पा ही घरातली मोठी माणसं कानडीतून आली. मोहरमचे उंचच उंच ताबूत ही कडेगावची ओळख, आणि त्यांतले काही हिंदू घरांचे आहेत. गावातल्या मुसलमान घरांत जी दखनी बोलतात, तिच्यातलं ‘नक्को’ आपल्या नकोचं आहे आणि जोर द्यायचा ‘च’ही मराठीचाच. पिढ्यान् पिढ्या एका आडावर पाणी भरलेली माणसं एकमेकांच्या तोंडात अशी राहतात.

क्रांतिसिंह नाना पाटलांची भाषणं याच गावरान वळणाची होती. जवळच्या कुंडलला इंग्रजांविरुद्धच्या त्यांच्या प्रतिसरकारचं ठाणं होतं, तेव्हा न्यायदान मंडळांपुढं फिर्यादी मांडल्या गेल्या त्या याच बोलीत. जी भाषा इंग्रजाला बाजूला सारून न्यायनिवाडे करू शकली, ती आज नोकरीच्या मुलाखतीत अडाणी ठरते. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ 1949 साली पुस्तकातून आणली आणि शहरातल्या वाचकाला शेजारच्या आटपाडीकडचं बोलणं वाचायला मिळालं. वाचताना ते त्याला फार गोड वाटलं. तोच सूर पुढ्यात उभ्या राहिलेल्या पोराच्या तोंडून आला की मात्र त्याच्या कपाळाला आठी पडते.

पाऊस या भागावर नेहमीच रुसलेला. म्हणून खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगावकडची माणसं ही बोली घेऊन गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर गेली. सोन्या-चांदीच्या पेठेत आठ बाय दहाचा गाळा, कोपऱ्यात भट्टी, मुशीत वितळणारी मोड. काळ्या कसोटीवर सोन्याची एक रेघ ओढायची, शेजारी माहीतगार कसाच्या सोन्याची दुसरी. वर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि कुठली रेघ किती तग धरते ते बघायचं. डोळा इतका तयार होतो की यंत्र नंतर आकडा सांगतं. बोली ओळखणारा कानही असाच घडतो, आयुष्यभर रेघेशेजारी रेघ ठेवून.

केरळात, तमिळनाडूत, कोलकात्यात, दिल्लीत ही घरं आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला आली. बाप गिऱ्हाइकाशी मल्याळममध्ये भाव करतो, फोनवर भावाला ‘औंदा पाऊस हाय का रं?’ विचारतो. त्याच तमिळ मुलखात सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागं मराठी घराणी तंजावरला गेली. त्यांच्या घरांत अजून मराठी बोलतात; तीत आपल्याकडं विरलेली जुनी रूपं आहेत आणि वाक्याला तमिळचं वळण. गलाईवाल्यांच्या नातवंडांची मराठीही त्याच वाटेनं चालली आहे. तिच्यात त्यांचं मूळ गाव ऐकू येतं आणि जिथं पोट भरतं ते गावही.

अमेरिकेत विल्यम लबॉव्ह या अभ्यासकानं मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावरच्या बोलण्याचा अभ्यास केला आणि 1963 साली तो प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात शहरी पाहुण्यांनी बेट भरून जायचं. ‘राइट’, ‘हाउस’ अशा शब्दांतले स्वर तिथले कोळी एका खास जुन्या ढंगानं काढत. लबॉव्हला दिसलं की ज्यांना बेटावरच राहायचं होतं, त्यांच्या बोलण्यात तो ढंग ठळक होता. ज्यांचं मन बाहेर लागलं होतं, त्यांच्यात फिका. म्हणजे माणूस कुठं जन्मला एवढंच बोलण्यातून कळत नाही, त्याला कुणाचं म्हणवून घ्यायचंय तेही कळतं. हे वाचलं आणि मला जत्रेला आलेली आमची पोरं आठवली. जन्म परमुलखातला, शाळा इंग्रजी, आणि देवळापुढं उभी राहून मुद्दाम ‘लई भारी’, ‘आलतो की’ म्हणणारी. तो ‘की’ त्यांना कुणी शिकवला नाही. तो त्यांनी धरून ठेवला आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजानं अलीकडं महाराष्ट्रभर फिरून मराठीच्या बोलींचं ध्वनिमुद्रण केलं, हे फार मोलाचं काम आहे. पण बोली जिवंत ठेवायला संस्था पुरत नाही, तिला ऐकणारी घरं लागतात. शाळेत प्रमाण मराठी शिकवावीच, तिच्यावाचून पोरांचं अडेल. मात्र ‘व्हतं’ लिहिणाऱ्या पोराला शेजारी ‘होतं’ लिहून दाखवावं, त्याच्या आईचं बोलणं चुकीचं आहे असं सांगू नये.

आणि गावातल्या मंडळींना माझं एक मागणं आहे. शहर आपल्याला हसतं म्हणून आपण चिडतो, आणि जत्रेला आलेल्या गलाईवाल्याच्या पोरानं ‘ती बैल’ म्हटलं की आपणच पारावर खदाखदा हसतो. ते पोर मग दोन दिवस गप्प बसतं आणि तिसऱ्या दिवशी बहिणीशी मल्याळममध्ये बोलायला लागतं. पुढच्या जत्रेला त्याला हसू नका. वाईच जवळ बसवा, च्या द्या, आणि चुकत का होईना, बोलू द्या.