बुगडीची गाठ

लग्नात आजीची मोत्यांची बुगडी घालायची, म्हणून दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी सोनाराला बोलावून मी कानाची वरची कड टोचून घेतली. जखम भरली, पण काही महिन्यांनी तिथं वाटाण्याएवढी टणक गाठ आली. सारखी खाजायची. एका डॉक्टरांनी कापली, तर वर्षाच्या आत बोराएवढी होऊन परतली! फोटो काढताना त्या बाजूला केस सोडायची मला सवयच लागली.

शेवटी प्लास्टिक सर्जनकडे गेले. ते म्हणाले, ''हा केलॉइड. जखम भरून आली तरी शरीर तिथं तंतू विणतच राहतं. नुसता कापला, तर बऱ्याचदा पुन्हा येतो.''

''मग मांडीची कातडी लावणार?'' आईनं घाबरून विचारलं.

''ती काढली तिथंही केलॉइड होऊ शकतो. गाठीवरचीच कातडी वापरू.''

कान बधिर करून त्यांनी गाठीवरची कातडी पातळ सोलली, आतला टणक भाग काढला आणि तीच कातडी कलम म्हणून जखमेवर शिवली. खरी परीक्षा पुढं होती. दर महिन्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, कानाला दाब देणारी क्लिप आणि दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून लक्ष!

गाठ परतली नाही.

परवा लेक म्हणाली, ''आई, मलाही बुगडी हवी.'' केलॉइडची प्रवृत्ती घराण्यात उतरू शकते. मी आजीची बुगडी सराफाकडे नेली आणि दाबाची करून आणली. कान न टोचताच ती लेकीच्या कानावर शोभली. शेजारी मी उभी होते, केस मागे बांधून.