शरीराने म्हणजे नक्की कोणी?

मानेसरच्या आमच्या कारखान्यात रक्तदान शिबिर झालं आणि थोड्याच दिवसांत रक्तपेढीतून बोलावणं आलं. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस सीच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं. पुढच्या तपासण्या होईपर्यंत मी नेलकटरसुद्धा वेगळं ठेवलं. मग अहवाल आला: विषाणूचा आरएनए ‘नॉट डिटेक्टेड’. काही महिन्यांनी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, “आपके शरीर ने खुद ही भगा दिया.” १९९६ साली बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं, रक्तपेढ्यांना ही तपासणी सक्तीची झाली २००१मध्ये. तेव्हाच शिरला असावा.

पण शरीराने म्हणजे नक्की कोणी? इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात पीएचडी करणारी नागपूरची एक मुलगी गणपतीत ओळखीची झाली होती. तिला गाठलं. तिने माझ्या अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यकृताची पेशी काढली. विषाणू पेशीच्या आत. त्याच्याशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक टी पेशीला आतलं दिसत नाही. पण पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे करते आणि एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून बाहेर मांडते. टी पेशी तुकडा आणि खाच, दोन्ही मिळून ओळखते. जुळलं की त्या पेशीला मारते, नाहीतर इंटरफेरॉन सोडून विषाणूची वाढ रोखते.

ही खाच माणसागणिक वेगळी, हे ऐकून मी थक्क झाले. पाठदुखीत तपासतात तो एचएलए-बी२७ ज्यांच्यात असतो, त्यांना या विषाणूचा जीनोटाइप १ हा प्रकार झटकणं सोपं जातं, कारण विषाणूच्या एनएस५बी प्रथिनाचा एक तुकडा त्या खाचेत नेमका बसतो. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप ३मध्ये तोच तुकडा वेगळा, म्हणून तो फायदाही नाही. शिवाय एखादं अमिनो आम्ल बदलून विषाणू निसटतो, आणि वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजून टी पेशी थकतात. बहुतेकांच्या शरीरात तो मुक्कामच ठोकतो.

त्याच शिबिरात आमच्या पेंट शॉपमधला रेवाडीचा एक सहकारी पॉझिटिव्ह निघाला. त्याच्या रक्तात आरएनए सापडला. २०१८च्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे सोफोसबुवीर-डॅक्लाटासवीर सरकारी रुग्णालयात फुकट मिळालं. बारा आठवड्यांचा कोर्स झाला, नंतरच्या तपासणीत विषाणू नव्हता. तरी विचारायचा, “दीदी, मुझसे क्या गलती हुई?” दारूला न शिवणारा, पहाटे धावायला जाणारा माणूस. मी त्याला तेच चित्र काढून दाखवलं.

हिपॅटायटिस सीविरुद्ध टी पेशी जागवणाऱ्या लशीच्या अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल २०२१मध्ये आला: पेशी जाग्या झाल्या, जुनाट संसर्ग मात्र टळला नाही. आम्हा दोघांनाही पुन्हा लागण होऊ शकते. न्हाव्याने ब्लेड डोळ्यांसमोर नवं फोडल्याशिवाय माझा सहकारी आता खुर्चीत बसत नाही.