मागचे आसन

आम्ही म्हणजे आम्ही उभयता. घरात जी काही मोठी खरेदी झाली ती दोघांच्या संमतीने झाली, आणि त्या खरेदीत जी चूक झाली तीही दोघांच्याच संमतीने. म्हणून हे लेखनही दोघांच्या वतीने असलेले बरे. विषय आहे आमची मोटारगाडी. 2009 साली ती घरी आली. खाजगी मोटारीच्या नोंदणीची मुदत 15 वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवावी, पर्यावरण कर भरावा, म्हणजे आणखी 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. हे सर्व सोपस्कार 2024 मध्ये आम्ही पार पाडले. त्याच रात्री परदेशी असलेल्या मुलाचा फोन आला आणि त्याने हसत विचारले, "तुम्ही दोघं ती अजून किती वर्षं सांभाळणार?" प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी ह्या सव्वा तपाचा हिशेब एकदा मांडावा, असे आम्हांला वाटले.

गाडी मध्यम आकाराची सेडान आहे. सेडान म्हणजे तीन खोल्यांचे घर: पुढच्या खोलीत इंजिन, मधल्या खोलीत माणसे, मागच्या खोलीत सामान. आमच्या गाडीची लांबी साडेचार मीटरच्या जराशी आत, इंजिन दीड लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. हे लेखन जाहिरातही नव्हे आणि तक्रारअर्जही नव्हे. आमच्या पिढीने लहानपणी पाटीवर मोटार काढली ती ह्याच आकाराची. कारण त्या काळी रस्त्यावर दिसे ती अॅम्बॅसेडर, नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी. पुढे 1994 मध्ये मारुतीची एस्टीम आणि 1998 मध्ये होंडाची सिटी आली आणि डिकीवाली गाडी हे पगारदार मध्यमवर्गाचे स्वप्न होऊन बसले. आमचेही ते होते. आधी स्कूटर, मग कुणीतरी वापरलेली छोटी गाडी, आणि मुले हायस्कुलात गेल्यावर, सात वर्षांचे कर्ज काढून, ही.

आमच्या घरी आली तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती, म्हणून तिच्या पाटीवर ठाण्याचा 04 हा आकडा आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. आता आमच्याकडच्या नव्या गाड्या 48 हा आकडा मिरवतात. आमची आपली जुन्या जिल्ह्याचे नाव सांगत नव्या जिल्ह्यात फिरते, माहेरचे आडनाव न सोडलेल्या सुनेसारखी.

तिचे गुण आधी सांगतो. महामार्गावर ती लिटरला 16 किलोमीटर धावते. गावात 11 ते 12. अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून हा आकडा थोडा उतरला आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांशाने कमी असते. तिची बांधणी जमिनीलगत असल्यामुळे वळणावर ती डुलत नाही. 2012 च्या मे महिन्यात आम्ही पाच जणांनी गोव्याची वारी केली. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम आदल्याच वर्षी सुरू झाले होते आणि रस्ता ठिकठिकाणी उकरून ठेवला होता. तरी पाचांचे सामान, येताना घेतलेले काजू आणि दोन फणस, सारे डिकीत निमूट सामावले आणि वास तेवढा आमच्यापर्यंत आला.

तिचा सर्वांत मोठा मान मात्र लग्नसराईतला. वाडीत कुणाचे लग्न ठरले की नवरीला चर्चमध्ये नेण्यासाठी आमच्या गाडीला बोलावणे येई. पांढऱ्या फिती, बॉनेटवर फुलांचा गुच्छ आणि मागच्या आसनावर गाऊनचा घेर सावरून बसलेली नवरी. चर्चच्या पायरीशी गाडी थांबली की करवल्या दोन्ही हात देऊन तिला अलगद बाहेर काढीत. आसन इतके खाली की तिला आपणहून उठता येत नसे. सभोवार उभ्या असलेल्या माणसांना ते दृश्य फार गोड वाटे, आम्हांलाही वाटे. त्यातून काही शिकावे हे मात्र आम्हांला सुचले नाही.

आता दोष. गाडीचे पोट रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंच. पाच माणसे बसली की तेही खाली येते. मग गावातला प्रत्येक गतिरोधक आम्हांला नावानिशी ठाऊक झाला: कोणता सरळ ओलांडावा, कोणता तिरका घ्यावा आणि कोणत्यापाशी मुलांना खाली उतरवावे. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि तारा कुरतडतात. आम्ही कापूर ठेवून पाहिला, तंबाखूची पाने टांगून पाहिली. शेवटी रात्री बॉनेट उघडे ठेवणे हाच उपाय थोडाबहुत लागू पडला. जुलै 2018 मध्ये वसईत पाणी भरले तेव्हा ते अंगणात चढत दाराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि गाडीची चाके अर्धी बुडाली. पाणी ओसरताच किल्ली फिरवून पाहण्याचा मोह अनावर झाला होता. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवर बजावले, "किल्लीला हात लावू नका." हवेच्या वाटेने इंजिनात पाणी गेले असेल तर दट्ट्याला ते दाबता येत नाही, हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि मग आतले लोखंडी दांडे वाकतात. गाडी ओढून नेली, सारे सुकवले, तेल बदलले. खर्च झाला, पण इंजिन वाचले.

हे सारे आम्ही मोठ्या हौसेने पाहुण्यांना सांगत असू. गाडीची नस न् नस आपल्याला ठाऊक आहे, असा आमचा समज होता. परंतु ही सर्व माहिती पुढच्या दोन आसनांवर बसून मिळवलेली होती, आणि कौटुंबिक गाडीची खरी परीक्षा मागच्या आसनावर होते. ती आमची झाली आणि आम्ही तीत नापास झालो, हे लिहिण्यासाठीच खरे तर हा प्रपंच.

आई, म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू, तेव्हा 74 वर्षांची होती. गोव्याहून आल्यानंतर हळूहळू ती गाडीने कुठे येईनाशी झाली. "तुम्ही जा, मी घर बघते." रविवारी आमच्याबरोबर येण्याऐवजी ती शेजारच्या बाईंबरोबर रिक्षाने पहाटेच्या मिस्साला जाऊ लागली. आम्हांला वाटले, वय झाले, पहाटेची शांतता तिला आवडत असेल. नात्यातल्या लग्नांनाही ती येईना, तेव्हा वाटले, तिला गर्दी सोसत नसेल. प्रत्येक वेळी आम्हांला कारण सापडे आणि ते नेमके आमच्या सोयीचे असे.

दोन वर्षांनी त्या शेजारीणबाईंनीच एके दिवशी कुंपणापाशी उभे राहून सांगितले, "तुमच्या गाडीतून उठताना आईंच्या गुडघ्यांचं काय होतं, तुम्हांला माहीत नाही? चारचौघांत दोघांनी ओढून काढायचं, त्यांना लाज वाटते. रिक्षाला निदान धरायला दांडा असतो. तुम्हांला सांगू नका म्हणाल्या. पोरांनी हौसेनं घेतलीय, कर्ज काढलंय, बोलायचं कसं?"

नवरीला हात देऊन बाहेर काढणारी तीच गाडी, तेच आसन, तेच दृश्य. फरक एवढाच की चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते कुणालाच गोड वाटत नाही.

त्या रात्री आम्ही एकमेकांशी फार बोललो नाही. आठवत गेलो. गाडी पसंत करायला आम्ही तीन वेळा शोरूममध्ये गेलो होतो. रंग मुलीने निवडला, गाण्याचे यंत्र मुलाने निवडले, इंजिनाविषयी आम्ही चार ठिकाणी विचारपूस केली. आईला एकदाही नेले नव्हते. गाडीच्या आशीर्वादाच्या दिवशी मात्र फोटोसाठी तिला सर्वांच्या पुढे उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "गाडी चांगलीच आहे रे. माझे गुडघेच जुने झाले."

ह्यावर जे उपाय निघाले ते इतके साधे होते की ते दोन वर्षे का सुचले नाहीत ह्याचीच अधिक शरम वाटली. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून ते येथे नोंदवतो. एक: अशा व्यक्तीला मागे न बसवता पुढे बसवावे, ते आसन मागे सरकते आणि पायांना जागा मिळते. दोन: एक पाय आत टाकून वाकत शिरू नये. आसनाकडे पाठ करून आधी बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना ह्याच्या उलट. हे आम्हांला व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी शिकवले. तीन: आसनावर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी अंथरली की अंग सहज वळते, वळून झाले की ती काढून घ्यावी. चार: गाडी उंच फुटपाथला खेटून उभी करू नये, पाय उंचावर टेकला की आसन तितकेच आणखी खाली गेल्यासारखे होते. आणि पाच: गादीवाल्याकडून काथ्याची तीन इंच जाडीची घट्ट उशी करून घेतली. मऊ उशीचा उपयोग नाही. माणूस तीत रुततो.

अशा रीतीने आई पुढे आली आणि आमच्यापैकी एक जण मागे गेला. त्यानंतर पाच वर्षे ती आमच्याबरोबर फिरली. आगाशीला बहिणीकडे, अर्नाळ्याला समुद्र पाहायला, एकदा नाशिकपर्यंत. कुठेही पोहोचलो की ती आम्हांला थांबवून म्हणे, "हात देऊ नका. मी उतरते." 2019 मध्ये ती गेली.

मागच्या आसनाने आम्हांला आणखी एक धडा दिला. 4 सप्टेंबर 2022 रोजी आमच्याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या संध्याकाळी आम्ही आमच्या गाडीच्या मागच्या आसनावरचे पट्टे शोधू लागलो. पट्टे होते, ते अडकवायची खोबण मात्र सापडेना. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात चढवलेल्या शोभिवंत आवरणाखाली ती गाडली गेली होती. तेरा वर्षे आमची मुले, आमची माणसे, गोव्यापर्यंतच्या त्या खडतर रस्त्यावर, तशीच बसून गेली होती. आम्ही कात्रीने आवरण कापले. गाडीची शोभा गेली, पण त्याचे दुःख झाले नाही.

आणि परवाच्या नाताळात मुलगा सुटीवर आला. त्याने गाडी हाती घेतली, सूनबाई नातवासह पुढे बसू पाहत होती. आम्हीच म्हटले, लहान मुलाला घेऊन पुढे बसू नये. मग तिला नातवासह मागे बसवले, आमच्यापैकी एक जण तिच्या शेजारी बसला, आणि येताना मुलाशेजारी सून बसली तेव्हा नातवाला मध्ये घेऊन आम्ही दोघेही मागे. दोघांनी एकाच वेळी मागे बसण्याची पंधरा वर्षांतली ही पहिलीच वेळ. थंड हवा मागे पोहोचत नव्हती. काच अर्ध्यावरच अडत होती. चालकाला खड्डा दिसतो आणि तो अंग सावरतो. मागच्याला तो दिसत नाही, तो थेट कमरेत बसतो. घरी पोहोचल्यावर मुलाने दार उघडले आणि काही न बोलता हात पुढे केला. आता आमचेही गुडघे साठीपलीकडचे आहेत. आम्ही तो हात घेतला.

सेडानचे दिवस आता मावळतीला लागले आहेत, असे म्हणतात. उंच गाड्यांकडे लोकांचा ओढा आहे. अॅम्बॅसेडरचे उत्पादन 2014 मध्येच थांबले, मारुतीची सियाझ 2025 मध्ये बंद झाली. उंच गाडीत चढणे-उतरणे गुडघ्यांना सोपे जाते हे खरेच, आणि लोक ती घेतात ह्यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. आमची गाडी आणखी काही वर्षे चालेल. इंजिन अजून निरोगी आहे. पुढे दुसरी घ्यायची वेळ आली तर उंच की ठेंगणी, हे आम्ही आज सांगू शकत नाही. एवढे मात्र मुलाला कळवले आहे: शोरूममध्ये घरातल्या सर्वांना न्यायचे, सर्वांत थकलेल्या माणसाला आधी बसवायचे, आणि तो बसला कसा हे न पाहता उठला कसा हे पाहायचे.

काथ्याची उशी डिकीतच आहे. ती फार दिवस तिथे राहील असे वाटत नाही; पुढच्या आसनावर तिची गरज पुन्हा भासू लागली आहे.